चाळीस गुणांचे सोलापूर

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

दहावीच्या पूर्वपरीक्षेचा भूगोलाचा गठ्ठा आज एकदाचा संपवला. ‘अवर्षण चतुष्कोन’ या टिपेत बहुतेकांनी पाठ केलेले उतरवले आहे: ब्राझीलचा ईशान्य भाग, उच्चभूमीला अडणारे वारे, पर्जन्यछाया, तुटपुंजा पाऊस. एकाने शेवटी पेन्सिलीने, घाबरत घाबरत जोडले आहे, ‘म्हणजे आपल्यासारखेच.’ नमुना उत्तरात हे नाही. मी अर्धा गुण चढवला आणि पुढचा पेपर ओढला.

दहावीचे पुस्तक सगळे भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी ठेवून लिहिलेले. पहिल्या पाठातली क्षेत्रभेट नळदुर्गहून अलिबागला जाते, वाटेत सोलापूर येते, तेवढ्यानेही आमची मुले खूश होतात. मग एकदम ब्राझीलिया, ॲमेझॉन, कॉफीचे मळे. पालकसभेत दरवर्षी कोणीतरी विचारतेच, ‘मॅडम, ब्राझील कशाला ओ?’ यंदा त्या पेन्सिलीतल्या दोन शब्दांचा आधार घेऊन सांगणार आहे. तिकडे वारे अटलांटिकवरून येतात, किनाऱ्यावर रिकामे होतात, पठारामागच्या भागाला काही उरत नाही. इकडे अरबी समुद्र आणि सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आम्हाला साडेपाचशेच्या आसपास. जुलैत ढग येतात, वारा सुटतो, कपडे दोरीवरून उडतात, पाऊस मात्र घाटाकडेच राहतो. आमचा भरवशाचा महिना सप्टेंबर. त्या पावसाची ओल काळ्या मातीने धरून ठेवली की त्यावर मालदांडी ज्वारी येते, तिची कडक भाकरी मुलांच्या डब्यात असते. ‘रब्बी पिकास जमिनीतील ओलावा उपयुक्त ठरतो’ हे वाक्य ती पाठ करतात. डबा खाताना करत नाहीत, एवढेच.

३ जानेवारी, शनिवार

सावित्रीबाईंची जयंती. भाषणे झाली, ती दरवर्षीचीच: पहिली शाळा, शेणगोळे, दुसरे लुगडे. आज मी मुलांना वेगळे सांगायचे ठरवले होते. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले, ते दुष्काळाचे आहे. १८७६ चा पाऊस गेला, माणसे-गुरे मरत होती, सत्यशोधक समाजाने मुलांसाठी अन्नछत्रे उभारली होती. मुंबई इलाख्यात त्या दुष्काळाने ज्या जिल्ह्यांना सर्वांत जास्त पोळले त्यांत सोलापूर होते.

फळ्यावर १८७७ एवढेच लिहिले आणि त्याखाली एकेक ओळ वाढवत गेले.

सरकारी दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपलने ठरवलेली मजुरी: धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा. एवढ्यावर खडी फोडायची. मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत राहिली. अर्ज, आकडे, पुन्हा अर्ज. नागरिकशास्त्रात ‘दबावगट’ म्हणून जे शिकवतो त्याचा हा आपल्याकडचा फार जुना नमुना, पण पुस्तकात सभेचे नाव राष्ट्रीय सभेच्या आधीच्या संस्थांच्या यादीत एका ओळीत येते.

त्याच १८७७ मध्ये सोलापूरची पहिली कापडगिरणी उभी राहिली, आपली जुनी मिल. रेल्वे त्याआधी पंधरा-सतरा वर्षे आलेली होती, कापूस काळ्या मातीत होता, तेलंगणाकडचे विणकर पेठांत होते. आणि शेतीतून उठलेला, पोटाला काहीही करायला तयार असलेला माणूस? दुष्काळामुळे गिरणी निघाली असे मी म्हणणार नाही, भांडवल मुंबईचे होते आणि बेतही आधीचा असणार. पण पहिल्या पाळीच्या दाराशी कोण उभे असेल ते मुलांनी न सांगता ओळखले.

शेवटची ओळ ब्राझीलची. त्याच साली तिथल्या ईशान्य भागात, म्हणजे कालच्या टिपेतल्या त्याच चतुष्कोनात, भीषण दुष्काळ पडला. तिथेही लाखो माणसे गेली. प्रशांत महासागराचे पाणी तापले, एल निनो म्हणतात तो, आणि पृथ्वीच्या दोन बाजूंची पर्जन्यछाया एकदमच कोरडी पडली. वर्गात थोडी चुळबुळ, मग मागच्या बाकावरून: ‘मॅडम, हे इतिहासात लिहायचं का भूगोलात?’

‘विचारणारच नाहीत,’ म्हटले. तो निश्चिंत झाला.

५ जानेवारी, सोमवार

निवडणुकीचे प्रशिक्षण. शाळा अर्धी रिकामी, अर्धे शिक्षक सभागृहात मतदान यंत्रे जोडायला शिकत होते. १५ तारखेला महापालिकेचे मतदान.

याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. आज दहावीत असलेले पोर मागच्या वेळी बालवाडीत नाहीतर पहिलीत होते. स्थानिक शासनसंस्था आम्ही सहावीत शिकवतो: प्रभाग, महापौर, स्थायी समिती, सगळे. आता नववीत असलेल्या पोरांनी ते शिकले तेव्हा शहरात महापौरच नव्हता. एका मुलाने तेव्हा ‘आपल्या शहराच्या महापौरांचे नाव लिहा’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिले होते आणि ते बरोबर होते.

दहावीच्या राज्यशास्त्रात ‘निवडणूक प्रक्रिया’ नावाचा पाठ आहे. सगळा भर भारताच्या निवडणूक आयोगावर. त्यामुळे मुलांचा ठाम समज की सगळ्या निवडणुका दिल्लीहून होतात. महापालिकेची निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग, वेगळी संस्था. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आली. मतदार यादी तीच, बोटाला शाई तशीच, यंत्रेही वरवर सारखी, पण मालक निराळा. प्रशिक्षणातल्या चहाच्या वेळी आमच्या गणिताच्या सरांनीही दिल्लीच्याच आयोगाचे आभार मानले, तेव्हा मुलांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

८ जानेवारी, गुरुवार

नववीला अर्थशास्त्राचा तास. भूगोलाच्याच पुस्तकाच्या पोटात ते बसवले आहे, म्हणून वर्षाअखेरीस घाईघाईत उरकले जाते. यंदा उरकायचे नाही असे ठरवले आणि एका शब्दावर तास गेला: असंघटित.

एका मुलीला व्याख्या विचारली, तिने सुरेख सांगितली. निश्चित वेतन नाही, सुरक्षितता नाही, कायद्याचे संरक्षण नाही. मग बसता बसता म्हणाली, ‘पण मॅडम, माझ्या आईचा पीएफ कटतो.’ आई बिड्या वळते. आमच्या पूर्व भागात निम्म्या वर्गाची आई, मावशी नाहीतर आजी वळते, त्यामुळे एकदम दहा हात वर झाले.

मग त्यांनीच मला शिकवले. आई सकाळी कारखान्याच्या शाखेत जाते, तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घेते. पाने भिजवायची, कात्रीने कापायची, सुपात तंबाखू, बोटांनी वळायचे, टोक दुमडायचे, दोऱ्याने बांधायचे. दुसऱ्या दिवशी परत. मजुरी हजार बिड्यांवर. नापसंत बिड्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत. पाने कमी पडली तर स्वतःच्या पैशाने आणायची. पान विदर्भ-छत्तीसगडच्या जंगलातले, तंबाखू निपाणीकडचा, हे मी जोडले. नकाशावर दाखवायला निमित्त मिळाले.

उत्पादनाचे घटक चार: भूमी, श्रम, भांडवल, संयोजन. ‘भूमी कोणाची?’ मी विचारले. बिडी वळली जाते ती खोली आईची, भाडे आई भरते, दिव्याचे बिलही. कात्री तिची. म्हणजे कारखानदाराचा निम्मा कारखाना आमच्या मुलांच्या घरांत आहे आणि त्याचा खंड कोणी देत नाही. पुस्तकातल्या आकृतीत चार चौकोन सुटे सुटे असतात, इथे दोन चौकोन एकाच बाईच्या अंगावर.

आणि तरी ती निव्वळ असंघटित नाही. १९६६ साली बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, पुढे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी आले. १९७६ च्या कल्याण निधीतून दवाखाना आणि मुलांना शिष्यवृत्ती. वर्गातल्या तिघींनी ती घेतलेली आहे. हे आपोआप आलेले नाही, सोलापूरच्या बायकांनी लाल बावटा घेऊन मोर्चे काढले. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत आहे. तिकडेच रे नगरची तीस हजार घरांची योजना, तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी १९६६ चा तो कायदा आपल्या पोटात घेतला. घरच्या खोलीत बसणाऱ्या बाईसाठी त्यातून काय उरते आणि काय गळते, हे कळायला वर्ष-दोन वर्षे जातील.

व्याख्या वहीत तशीच ठेवायला सांगितली, परीक्षेत तीच लागते. खाली दोन रेघा सोडून ‘पण’ लिहायला लावले आणि त्यापुढे प्रत्येकीने घरी विचारून आणायचे.

१२ जानेवारी, सोमवार

महाराष्ट्रभर आज जिजाऊ आणि विवेकानंद. सोलापुरात तिसरी नोंद आहे आणि ती पहिली असायला हवी. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिले.

सकाळी आठवी-नववीची मुले घेऊन चार हुतात्मा पुतळ्यांपाशी गेलो. आचारसंहितेमुळे पुढाऱ्यांची भाषणे बेतशीर होती, हा एक फायदा. आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाच्या पाठात सोलापूर आहे, धारासना आणि पेशावरच्या मधोमध, एक परिच्छेद. तो मुलांनी वाचलेला होता. मी त्यांना परिच्छेदाच्या दोन वाक्यांमधले सांगत होते.

एप्रिल १९३० मध्ये नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला होता. लोकांनी निवडलेली संस्था, ब्रिटिशांच्याच कायद्याने चाललेली, आणि तिच्या डोक्यावर झेंडा काँग्रेसचा. मेच्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाली. गिरण्या थांबल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडणाऱ्या जमावापाशी पोलीस आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग शहर उसळले. मंगळवार पेठेची चौकी जळाली, न्यायालय जळाले, पोलीस मारले गेले. अंमलदार रेल्वे स्टेशनाकडे सरकले आणि दोन-तीन दिवस शहरात सरकार नव्हते. स्वयंसेवक रस्त्यांवर उभे राहून रहदारी बघत होते.

इथे एका मुलाने विचारले, ‘मग पोलिसांना मारलं ते बरोबर का?’ सोबतच्या शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्न चांगला होता आणि मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. जमावाने माणसे मारली, हे सांगितलेच पाहिजे. ज्या चौघांना त्यासाठी फाशी दिले त्यांच्यावर तो आरोप सिद्ध करण्याची घाई सरकारला किती होती, हेही. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवायचे. धनशेट्टी काँग्रेसचे कार्यकर्ते. सरकारला धडा शिकवायचा होता आणि धड्यासाठी ओळखीची नावे लागतात. हे माझे मत, मुलांना मत म्हणूनच सांगितले.

१२ मेपासून लष्करी कायदा, तो जूनअखेरपर्यंत. झेंडा बाळगणे गुन्हा, गांधी टोपी घालणे गुन्हा. वर्तमानपत्रांवर गदा आली, ‘कर्मयोगी’चे संपादक तुरुंगात गेले. साऱ्या देशात त्या चळवळीच्या काळात हे शहर लष्करी कायद्याने गाजले.

परतताना नववीतल्या एकीने विचारले की, तशी आणीबाणी आता लावता येते का. चालता चालता जेवढे जमले तेवढे सांगितले. आणीबाणी ३५२ व्या कलमात आहे, संसदेची संमती लागते, मुदत असते. लष्करी कायदा हा शब्द ३४ व्या कलमात येतो खरा, पण तो म्हणजे नेमके काय याची व्याख्या घटनेत नाही. ‘का नाही?’ ‘घटना समितीला विचारायला हवे होते.’ ती हसली नाही. आधीच्या मुलाचा प्रश्नही तसाच राहिला आहे, त्याला तास द्यावा लागेल.

एक गोष्ट मुलांनी स्वतः हेरली. पुतळ्यांखालची चार नावे वाचून एक म्हणाला, ‘एक लिंगायत, एक मुस्लिम, एक मराठा, एक मारवाडी. तेलुगू कोणीच नाही का ओ?’ पद्मशाली घरातला मुलगा. गिरण्यांच्या संपात तुझेच लोक होते, म्हटले. खरे आहे ते, पण पुतळा नाही हेही खरे आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता. शाळेत हजेरी नावाला. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, सात नंदीध्वज, कन्नडमधून म्हटली जाणारी संमती, त्यावर मराठी-तेलुगू तोंडांनी अक्षता टाकायच्या. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, वचने कन्नडमध्ये, आणि त्यांची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लोकांकडून तळे खोदून घेतले. ज्या गावाला पाऊस नाही तिथल्या संताने तळे खोदावे, हे मला चमत्कारापेक्षा मोठे वाटते. संध्याकाळी साडेपाचला प्रचार थांबला, तोवर भोंगे आणि हलग्या यांत फरक करता येत नव्हता.

१५ जानेवारी, गुरुवार (रात्री)

पहाटेपासून उभी आहे, थोडक्यात लिहिते.

१०२ जागा, २६ प्रभाग. बहुतेक प्रभाग चार जागांचे, म्हणून मतदाराने चार बटणे दाबायची: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. चारही झाल्याशिवाय यंत्र लांब आवाज देत नाही. आमच्या केंद्रावर म्हाताऱ्या बायका एक बटण दाबून समाधानाने बाहेर निघायच्या, त्यांना परत बोलवायचे. एका आजींना तेलुगूत समजावले, त्या म्हणाल्या, ‘एकालाच ओळखते, बाकी तिघांना कशाला?’ नोटा आहे हे सांगितले. त्यांनी तीनदा नोटा दाबला की काय, ते गुपित आहे आणि गुपितच राहावे.

पुस्तकात ‘एक व्यक्ती एक मत’ लिहिले आहे. इथे एक व्यक्ती चार मते. सहावीच्या मुलीने मागे विचारले होते, ‘दारातला खड्डा चौघांपैकी कोणाला सांगायचा?’ लोकशाहीवरचा याहून अवघड प्रश्न अजून माझ्या पेपरात आला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

निकाल शुक्रवारीच लागला, गुलाल धुऊन झाला. आज दहावीला नदीप्रणाली, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस असल्याने चार मुले उशिरा.

उजनीची साठवण ११७ टीएमसी. त्यातले ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे दारातून आपोआप वाहून न येणारे. म्हणून उन्हाळ्यात बातमीत ‘उणे’ टक्के येतात आणि मुलांना वाटते धरण रिकामे झाले. शहरासाठी थेट नळ आहेत, पण भीमेत पाणी सोडूनही औज बंधारा भरून घेतात, तिथून टाकळीला उपसा. पात्रातून ते पाणी यायला कित्येक दिवस लागतात, आणि शहराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोडावे लागते, कारण वाळू पिते, ऊन पिते आणि दोन्ही काठांच्या मोटारी पितात. औजच्या समोरचा काठ कर्नाटकाचा.

मंगळवेढ्याकडच्या मामाकडे वाढलेला एक मुलगा उठला. ‘चोरी नाही ती मॅडम. धरणात जमीन आमच्या लोकांची गेली.’ शहरातला दुसरा म्हणाला, ‘बे, आमच्याकडे पाच दिवसांनी येतं, तुझ्या उसाला रोज.’ मी अडवले नाही. ऊस हा मुद्दा खराच आहे. साडेपाचशे मिलिमीटरच्या जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सर्वांत जास्त, तिकडे साखरेत जगात पहिला ब्राझील आपला ऊस मुख्यतः पावसावर काढतो. पुस्तकात दोन्ही देशांचा ऊस एकाच तक्त्यात एकाच चिन्हाने दाखवतात.

२२ जानेवारी, गुरुवार

नववीकडून नकाशा करून घेतला. प्रत्येकाने आपल्या घरी पाणी कितव्या दिवशी, किती वाजता, किती वेळ येते ते आणायचे आणि शहराच्या कोऱ्या आराखड्यावर रंगवायचे. १९९२ च्या हद्दवाढीआधी शहर ३३ चौरस किलोमीटर होते, मग एकदम १७८. रंगवल्यावर जुनी हद्द आपोआप उमटेल अशी माझी अटकळ होती. थोडी उमटली, पण सरळ नाही. पेठांतही उशिरा पाणी येणाऱ्या गल्ल्या निघाल्या, आणि एकाच गल्लीतल्या दोन मुलांनी दोन वेगळे दिवस आणले. दोघे घरी जाऊन पुन्हा विचारून आले, दोघांचेही तेच.

निवडून आलेल्या चौघांना पत्र लिहायचे, असे वर्गाने ठरवले. पत्रलेखनाचे दहा गुण मराठीच्या बाईंनी कबूल केले आहेत. मसुद्यावर भांडण आहे. निम्म्यांना म्हणायचे आहे, रोज पाणी द्या. त्या गल्लीतल्या दोघांना आधी विचारायचे आहे की आमच्यात दोन दिवसांचा फरक का. मी दुसऱ्या बाजूला मत दिले. मसुदा शनिवारी.